सोबत्याने सोबत्याला सांगावे : केबिन रोडवरची खोली आणि एच.आय.व्ही.चा प्रश्न



आपल्या भागातली पोरे पोटासाठी मुंबईची वाट धरतात यात नवे काही नाही. आपल्या आधीच्या पिढीने गिरणगावात दिवस काढले. एका खोलीत पंधरा-वीस जण, खानावळीचे जेवण आणि पाळीप्रमाणे झोप. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसत गेल्या आणि पोरांची वाट उत्तरेकडे सरकली. आज कोणी नालासोपाऱ्यात असतो, कोणी वसईत, कोणी भाईंदरला. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे लहान लहान गाळे पुष्कळ आहेत. आपल्याकडे रुखवतात जी कळशी, जो डबा मांडतात तो कित्येकदा तिथूनच आलेला असतो. पत्रा कापायचा, प्रेसखाली खोल करायचा, लेथवर आकार द्यायचा आणि शेवटी बफवर पॉलिश करायची, असे ते काम. पॉलिशवाला संध्याकाळी बाहेर पडतो तेव्हा आपल्या बॉयलरवरच्या फायरमनपेक्षा काळा दिसतो.

गेल्या उन्हाळ्यात काही कामानिमित्त आम्ही दोन रात्री भाईंदरला केबिन रोडवरच्या अशाच एका खोलीवर उतरलो होतो. खोली दहा बाय बाराची, राहणारे नऊ. त्यांत आपल्याकडचे तिघे, बाकी उत्तर प्रदेश-बिहारकडचे. जेवणे झाली, दिवा मालवला आणि अंधारात गप्पा सुरू झाल्या. अंधारात माणूस मोकळा बोलतो, हे शेतात पाणी पाजायला रात्रीची पाळी करणाऱ्यांना सांगायला नको.

विषय निघाला तो आपल्याच बाजूच्या एका पोरावरून. त्याचे नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. तो काही वर्षे ह्याच भागात राहून पॉलिशचे काम करत होता. पहिल्याच वर्षी त्याला गुप्तांगावर जखम झाली. लाजेने दवाखान्यात गेला नाही. खोलीतल्या एकाने सल्ला दिला, की अमुक ठिकाणी एक जण इंजेक्शन देतो, दोन टोचून घे, उतरेल. जखम उतरली. पुढे लग्न झाले. मग वजन घटू लागले, ताप राहू लागला, टी.बी. निघाला. एका खाजगी दवाखान्यात टी.बी.चे औषध चालू झाले, पण एच.आय.व्ही.ची तपासणी करून घे असे तिथे त्याला कोणी म्हणाले नाही. मग कळले कसे? बायको गरोदर राहिली. गरोदर बाईचे रक्त सरकारी दवाखान्यात तपासतात, तसे तिचे तपासले आणि दोष आधी तिच्या रक्तात सापडला. घरात पहिला जाब विचारला तो तिलाच. चार महिने ती माहेरी होती. नवऱ्याची तपासणी झाली ती तिच्या भावाने हट्ट धरला म्हणून. आज दोघेही रोज गोळी घेतात, बाळाच्या अठराव्या महिन्याच्या तपासणीत बाळाला लागण नसल्याचे कळले आहे, आणि पोरगा पुन्हा कामाला लागला आहे. पण त्या चार महिन्यांत त्या मुलीने जे ऐकले ते काही परत घेता येत नाही.

हे सगळे ऐकून खोलीतला एक जण बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, इंजेक्शनवाल्याचा पत्ता आमीच दिलेला त्याला. आमाला तरी कुठं काय ठावं हुतं?"

आमच्या मनात हे वाक्य बसले, आणि हा लेख त्यावरूनच लिहायला घेतला. सोबती सोबत्याला शिकवतोच. खोलीत, गाळ्यावर, चहाच्या टपरीवर, ट्रकच्या केबिनमध्ये हे शिक्षण बाराही महिने चालू असते आणि त्याला फी नसते. प्रश्न एवढाच की तो जे शिकवतो ते बरोबर असते की चूक.

त्या खोलीत एक अण्णा होता. वय चाळिशीच्या आत, पूर्वी ट्रकवर क्लीनर होता. त्या दिवसांत हायवेवरच्या थांब्यावर ड्रायव्हर-क्लीनर लोकांसाठी चाललेल्या एका दवाखान्यात त्याला चार दिवस बसवून ह्या आजाराची माहिती दिली होती आणि इतरांना सांगण्याचे काम दिले होते. काम सुटले, पण शिकलेले सुटले नाही. आता तो लेथवर आहे. पोरे त्याला काहीही विचारतात. आम्ही एकाला विचारले, अरे डॉक्टरला का विचारत नाहीस? त्याचे उत्तर असे : "डॉक्टरला इचारायचं म्हंजे आदी केसपेपर काढा, मग नाव सांगा, वय सांगा, लगीन झालंय का सांगा. अण्णाला इचाराय केसपेपर लागत न्हाई."

ह्या पद्धतीला आरोग्य खात्यात 'पीअर एज्युकेशन' म्हणतात, मराठीत समवयस्क शिक्षण. आम्ही आपले सोबती-शिक्षण म्हणू. समवयस्क म्हणजे नुसता वयाने सारखा नव्हे. त्याच कामातला, त्याच पगारातला, तेच जेवण जेवणारा आणि त्याच मोहात पडू शकणारा माणूस. त्याला थोडे दिवस शिकवायचे, शंका फेडायच्या, हातात साहित्य द्यायचे आणि परत त्याच्याच खोलीत सोडायचे. तो व्याख्यान देत नाही. विचारले की सांगतो, आणि कधी कधी न विचारताही विषय काढतो.

ही कल्पना कुठून आली? आपल्या देशात एच.आय.व्ही.ची लागण पहिल्यांदा १९८६ साली मद्रासमध्ये सापडली. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी ती शोधली. पहिली काही वर्षे सगळा भर भीती घालण्यावर होता. कवटी, सापळा, 'एड्स म्हणजे मृत्यू' अशी पोस्टरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. भीतीने झाले काय, तर माणसे तपासणीपासून लांब पळाली आणि ज्यांना लागण झाली त्यांना गावाने वाळीत टाकले. पोस्टर तर उलट प्रश्नही विचारू देत नाही.

ज्यांना समाज सर्वांत खालचे समजत होता त्यांनी दुसरी वाट दाखवली, हे मुद्दाम लिहायला हवे. १९९२ साली कलकत्त्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांनी वेश्याव्यवसायातल्या बायकांनाच शिकवून त्यांच्यामार्फत काम सुरू केले. त्याच सुमारास आपल्या सांगलीत मीना शेषू यांच्या संग्राम संस्थेने, म्हणजे संपदा ग्रामीण महिला संस्थेने, हेच केले. त्यातून १९९६ साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. निरोध कसा वापरायचा आणि गिऱ्हाईक नाही म्हणाले तर काय बोलायचे, हे बाहेरच्या बाईंनी सांगून पटत नव्हते. शेजारच्या खोलीतल्या बाईने सांगितले की पटत होते. ऊसपट्ट्यातल्या सांगलीत हे घडले आणि आपण ऊसपट्ट्यातले लोक ते फारसे बोलत नाही. असो.

पुढे हीच पद्धत पुरुषांकडे आली. २००३ नंतर अवाहन ह्या कार्यक्रमात हमरस्त्यांवरच्या थांब्यांवर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन ऑफ इंडिया फाउंडेशनने 'खुशी' नावाचे दवाखाने चालवले आणि ट्रकवाल्यांतूनच माणसे तयार केली. मुंबईच्या वस्त्यांमध्ये कोरो ह्या संस्थेने ब्राझीलमधल्या एका कार्यक्रमाच्या धर्तीवर 'यारी दोस्ती' हा उपक्रम केला. तो आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात सुरुवात रोगापासून नव्हती. मर्द कोणाला म्हणायचे, बायकोवर हात उचलणारा मर्द का, सोबत्यांनी टोचून बोलले म्हणून वाकड्या वाटेने जाणारा मर्द का, अशा प्रश्नांवर तरुण पोरांना आपसांत बोलते केले. वस्तीतलीच पोरे ही बोलणी चालवत. रोगाचे बोलणे त्यातूनच निघते. खोलीत नवा आलेला अठरा-वीस वर्षांचा पोरगा वाईट असतो असे नव्हे, त्याला आपण 'पुस्तकी' ठरू ह्याची भीती असते. त्याच खोलीतला एखादा जाणता माणूस "मी न्हाई जात, तू बी जाऊ नको, आनि गेलासच तर हे घेऊन जा" असे म्हणाला, तर त्या पोराची मान खाली जात नाही.

ही पद्धत म्हणजे रामबाण आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. २००९ साली विकसनशील देशांतल्या ३० अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. सोबती-शिक्षणाने माहिती वाढते, निरोधचा वापर वाढतो, एकाची सुई दुसऱ्याने वापरणे कमी होते, हे त्यात दिसले. पण गुप्तरोग प्रत्यक्ष कमी झाल्याचे त्या आकड्यांतून सिद्ध झाले नाही. याचा अर्थ स्पष्ट आहे. नुसते सांगून भागत नाही, मागे दवाखाना लागतो, औषध लागते, निरोध हाताशी लागतो. पाटाला पाणीच नसेल तर चांगल्या बियाण्याने काय होणार?

अण्णाला त्या रात्री जे प्रश्न आले ते आम्ही इथे देतो, कारण तेच प्रश्न आपल्या यार्डातही आहेत.

पहिला प्रश्न डासाचा होता. भाईंदरला खाडी जवळ, डास भरपूर. डास चावल्याने एच.आय.व्ही. होत नाही. एका ताटात जेवल्याने, एका संडासाने, एकमेकांचे कपडे घातल्याने, हात मिळवल्याने, खोकल्याने होत नाही. लागण होते ती लागण असलेल्या व्यक्तीशी निरोध न वापरता झालेल्या शरीरसंबंधातून, तसले रक्त चढवले गेल्यास, एकमेकांची सुई-सिरिंज वापरल्याने, आणि आईकडून बाळाला पोटात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून.

दुसरा : माणूस दिसायला चांगला धट्टाकट्टा असेल तर? अण्णाने उलट विचारले, "उसाच्या कांड्यात कीड शिरली तर पहिल्या दिवशी दिसती का?" औषध न घेता लागणीपासून एड्सच्या अवस्थेपर्यंत जायला बहुधा आठ-दहा वर्षे लागतात. तोवर माणूस बफवर उभा राहून बारा तास काम करतो. त्यामुळे तोंड बघून कळत नाही, रक्त तपासूनच कळते.

तिसरा प्रश्न एकाने फारच हळू आवाजात विचारला : बाईच नसली, दोघे पुरुषच असले तर? खोलीत कोणीतरी हसले. अण्णा हसला नाही. लागण तशीही होते आणि निरोध तिथेही तितकाच लागतो, एवढे त्याने शांतपणे सांगितले. ज्या खोल्यांत वर्षानुवर्षे नुसते पुरुषच राहतात तिथे हा प्रश्न असणारच आणि तो हसण्यावारी नेणे म्हणजे एका माणसाला अंधारात ढकलणे आहे. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून अशा पुरुषांमध्ये ह्याच सोबती-पद्धतीने काम करते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दोन प्रौढांचा राजीखुशीचा असा संबंध गुन्हा राहिलेला नाही.

निरोधबद्दल बरेच बोलणे झाले. आपल्याकडे १९६८ पासून 'निरोध' हे नाव कुटुंबनियोजनासाठी घरोघर गेले, पण रोगासाठीही तोच उपयोगी पडतो हे पुष्कळांना उशिरा कळले. पाकिटावरची तारीख बघावी. पैशाच्या पाकिटात दाबून महिनोन् महिने ठेवू नये, उष्णतेने आणि घर्षणाने तो कुजतो. खोबरेल तेल, व्हॅसलीन असले काही लावू नये, रबर फाटते. एकदा वापरलेला पुन्हा वापरायचा नाही. हे सांगताना अण्णाने दाढीच्या ब्रशची मूठ पुढे धरून प्रात्यक्षिक करून दाखवले. आम्ही आमच्या वयाला शोभेल इतके दुसरीकडे पाहिले, पण समजले मात्र सर्व.

गुप्तांगावर जखम, फोड, स्राव, लघवीला जळजळ, असे काही असले तर ते स्वतंत्र दुखणे तर आहेच, शिवाय त्या जखमेतून एच.आय.व्ही. आत शिरणे सोपे जाते. वरवर जखम सुकली म्हणजे रोग गेला असे नाही. कोपऱ्यावरच्या इंजेक्शनवाल्याने दबलेली जखम पुढे काय करते हे वरच्या हकिगतीत आलेच. सरकारी रुग्णालयांतून ह्या रोगांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' नावाने सोय केलेली आहे. तिथे उपचार फुकट होतो आणि जोडीदारालाही औषध देतात, नाहीतर एक बरा झाला तरी दुसऱ्याकडून परत लागण.

तपासणीचा प्रश्न सर्वांत अवघड. भीती मरणाची नसून कळण्याची असते. रक्ताची एच.आय.व्ही. तपासणी सरकारी तपासणी केंद्रात फुकट होते. आधी समुपदेशक बोलतो, मग माणसाची संमती घेतात, मग रक्त घेतात. पहिल्या तपासणीत दोष दिसला तर वेगळ्या पद्धतीच्या आणखी तपासण्या करून मगच अहवाल पक्का धरतात. धोका घडल्याबरोबर दुसऱ्या दिवशी केलेल्या तपासणीत काही दिसेल असे नाही, शरीरात प्रतिद्रव्ये तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे लागते. मात्र निरोध फाटला, संसर्गित सुई टोचली, असे काही घडले आणि धोका मोठा असला, तर तीन महिने थांबून राहायचे नाही. ७२ तासांच्या आत, आणि खरे तर जितके लवकर तितके बरे, डॉक्टरकडे जायचे. तो योग्य समजला तर २८ दिवसांचे प्रतिबंधक औषध सुरू करतो. हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

आणि लागण निघालीच तर? इथे आमच्या पिढीच्या डोक्यात १९९० च्या सुमाराची माहिती घट्ट बसलेली आहे, ती काढून टाकायला हवी. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत औषधोपचार सुरू केला. सुरुवातीला मोजकी रुग्णालये होती, मुंबईचे जे.जे. त्यांत होते. तेव्हा पेशी ठरावीक आकड्याच्या खाली आल्याशिवाय औषध देत नसत. २०१७ पासून लागण सापडली की लगेच औषध, असे धोरण आहे. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती नेमाने घेतली तर रक्तातला विषाणू इतका दबतो की तपासणीत सापडत नाही, आणि तो तसा दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर बाईला औषध दिले नाही तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते, औषध वेळेवर चालू झाले तर ते प्रमाण पाचाच्या खाली येते. त्या पोराच्या बाळाचे जे झाले तो दैवयोग नव्हता, गोळ्यांचा गुण होता. गोळी मात्र जन्मभर, आणि गावी यायचे म्हणून पंधरा दिवस खंड पाडला असे चालत नाही. केबिन रोडवरचा पोरगा दिवाळीला गावी येतो तेव्हा त्याच्या पिशवीत गोळ्यांची बाटली असेल तर घरच्यांनी ती काय आहे म्हणून चारचौघांत विचारू नये, एवढे तरी आपण करू शकतो.

२०२१ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एच.आय.व्ही.सह जगत होते. त्यांत सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा, ३ लाख ९४ हजार. नवी लागण २०१० च्या मानाने बरीच घटली आहे, हेही खरे. पण आकडा घटला म्हणून बोलणे बंद झाले, आणि आज वीस वर्षांचा असलेला पोरगा ते कवटीचे पोस्टरही न पाहता मोठा झाला आहे. त्याला ना भीती ठाऊक, ना माहिती.

आता आपल्या अंगणात येऊ.

गळीत हंगामात आपल्या यार्डात रात्रभर ट्रक, ट्रॅक्टर नंबरात उभे असतात. ड्रायव्हर लोक काट्यापासून गव्हाणीपर्यंत सरकत सरकत आठ-दहा तास काढतात. ऊसतोड टोळ्या चार-पाच महिने घरापासून लांब पालावर असतात. हंगामी कामगार खोल्या करून राहतात. केबिन रोडची खोली आणि आपले यार्ड यांत फरक तो काय? मोकळा वेळ तोच, घरापासूनचे अंतर तेच, आणि कोपऱ्यावरचा 'जाणकार'ही तसलाच.

इथे एक चूक हमखास होते. कारखान्याने कार्यक्रम घ्यायचा म्हटले की टोळीच्या मुकादमाला बोलावतात, 'तुमच्या माणसांना सांगा' म्हणतात आणि फोटो काढतात. मुकादम हा सोबती नव्हे. उचल त्याच्या हातात, हिशेब त्याच्या हातात. ज्याच्याकडे पैसे बाकी आहेत त्याला कोणी आपल्या जखमेविषयी सांगत नसतो. हेच गाळ्याच्या शेठला लागू, फोरमनला लागू, आणि राग येऊ नये पण आपल्या शेती खात्याच्या चिटबॉयलाही लागू. तोडीची चिठ्ठी ज्याच्या खिशात, त्याच्यापुढे मोकळे कोण होईल? माणूस टोळीतलाच हवा, ट्रॅक्टरवरचाच हवा. पालावर बायका असतात, त्यांच्यासाठी त्यांच्यातलीच बाई हवी.

कसला माणूस निवडावा? फार बोलका घेऊ नये, हा आमचा अनुभव. बोलक्याच्या पोटात काही राहत नाही. ज्याच्याकडे लोक भांडण मिटवायला जातात, ज्याच्याकडे उसने पैसे ठेवायला देतात, तो बरा. लिहिता-वाचता आले नाही तरी अडत नाही. 'मला ठाऊक नाही, विचारून सांगतो' असे म्हणायची ज्याला लाज वाटत नाही तो सर्वांत उत्तम. केबिन रोडवर अण्णाने दोन प्रश्नांना असेच उत्तर दिले, आणि त्यानेच आमचा त्याच्यावर विश्वास बसला.

त्याच्यावर ओझेही फार टाकू नये. पुष्कळ ठिकाणी असे होते की ह्या माणसाला थोडे मानधन देतात आणि मग इतके तक्ते भरायला लावतात की तो सोबती राहत नाही, कारकून होतो. किती जणांशी बोललास, किती निरोध वाटलेस, नावे लिही. नाव लिहायला लागला की संपले. दुसरा त्रास असा की लोक त्याच्यावरच संशय घेतात : ह्याला एवढे कसे ठाऊक, ह्यालाच असेल. अण्णाच्या बायकोला हे बोलणे गावात ऐकावे लागले आहे. अशा वेळी मागे उभे राहणारे कोणी लागते. परगावच्या कामगारांत आणखी एक अडचण, की शिकवलेला माणूस हंगाम संपला की निघून जातो. म्हणून दर हंगामाला पुन्हा शिकवावे लागते. खत एकदा टाकून तीन पिके निघत नाहीत.

कायद्याचे दोन शब्द सांगणे भाग आहे. एच.आय.व्ही. आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७, हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कोणाच्याही संमतीशिवाय त्याची तपासणी करता येत नाही. नोकरी देताना किंवा ठेवताना 'रक्ताचा दाखला आण' म्हणता येत नाही. एखाद्याला लागण आहे हे त्याच्या परवानगीशिवाय चव्हाट्यावर आणता येत नाही. लागण आहे म्हणून राहत्या घरातून काढता येत नाही, आणि ही शेवटची गोष्ट सुनेलाही लागू आहे, हे सासरच्या मंडळींनी ध्यानात घ्यावे. ज्या आस्थापनेत शंभर किंवा त्याहून जास्त माणसे आहेत तिथे ह्या कायद्याखालच्या तक्रारींसाठी एक अधिकारी नेमायचा असतो. आपला कारखाना त्यात येतो. नेमणूक झाली असली तरी यार्डातल्या माणसाला ते नाव ठाऊक आहे का, हा प्रश्न आम्ही संचालक मंडळापुढे ठेवतो आहोत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१० साली आपल्या २०० क्रमांकाच्या शिफारशीत कामाच्या जागी हेच सांगितले आहे : भेदभाव नको, सक्तीची तपासणी नको, आणि प्रतिबंधाचे काम कामगारांना सोबत घेऊन.

भाईंदरहून निघताना अण्णाला आम्ही विचारले, तू आमच्याकडे हंगामाच्या सुरुवातीला दोन दिवस येशील का? तो म्हणाला, "मी येऊन काय करू काका? मी तुमच्यातला न्हाई. तुमच्यातला एखादा द्या, मी त्याला दोन दिवस हितं ठेवून घेतो." आम्हाला जे समजायला चार पाने लागली ते त्याने एवढ्यात सांगितले.

तेव्हा सूचना अशी. वाहतुकीच्या ड्रायव्हर-क्लीनरपैकी, तोडणी टोळ्यांपैकी आणि हंगामी कामगारांपैकी ज्यांना हे काम शिकावेसे वाटते त्यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी कामगार कल्याण अधिकाऱ्यांना भेटावे. शिकवण्यासाठी सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशकांना विनंती करण्यात येईल. कोणाला स्वतःसाठी काही विचारायचे असेल तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा मोफत दूरध्वनी आहे, तिथे नाव सांगावे लागत नाही. आणि शिकण्यासाठी येणाऱ्यांनीही लेखी अर्ज करण्याची गरज नाही, तोंडी सांगितले तरी चालेल.